झाकणातली पाचर

सकाळी मापारी काका तेलाच्या टाकीवर बेशुद्ध सापडले आणि दुपार व्हायच्या आत सगळ्या तेल-केंद्राने गुन्हेगार ठरवूनही टाकला: फिटर.

वायुगळती शोधणाऱ्या बाई पोचल्या तेव्हा फिटरला फाटकाबाहेर बसवलेलं होतं. नोकरी गेल्यातच जमा होती. काका दवाखान्यात होते, अजून शुद्धीवर नव्हते. बाईंच्या कॅमेऱ्यात डोळ्यांना न दिसणारा वायू धुरासारखा दिसे. माणसांचं मनही त्यात दिसतं, असा काहींचा समज होता. तसं असतं तर बाईंचं निम्मं काम वाचलं असतं.

इनचार्ज त्यांना टाकीपाशी घेऊन गेला. तिशीतला माणूस, डोळे तांबारलेले. टाकीतलं तेल मोजणारे काका त्याचे सासरे.

"नेमकं झालं काय?"

"टाकीचं झाकण उघडं होतं, मॅडम. वायू बाबांच्या नाकातोंडात गेला. मी त्यांना खाली उतरवलं, मग झाकण लावलं."

"तो वायू यंत्राने ओढून घ्यायचा असतो ना?"

"हो. टाकीत दाब वाढला की यंत्र आपोआप सुरू होतं, मिथेन हवेत जाऊ देत नाही. यंत्र रोज चालतंय. पण झाकणाची कडी फिटरने दुरुस्त केली नाही. वाऱ्याने उघडलं असणार."

बाई शेडमध्ये डोकावल्या. यंत्राच्या चाकावर कोळ्याने ऐसपैस जाळं विणलं होतं. रोज फिरणाऱ्या चाकावर संसार थाटणारा कोळी बाईंनी अजून पाहिला नव्हता.

फाटकाबाहेर फिटर हात चोळत उभा राहिला.

"टाकीवर शेवटचा कधी चढलास?"

"चढणार कसा, ताई? शिडीला कुलूप असतं. किल्ली काकांकडे आणि इनचार्ज साहेबांकडे. काका रजेवर होते, तोवर मापही साहेबच घ्यायचे. काका आजच कामावर आले, आणि आजच हे असं."

"काकांशी काही वाकडं?"

"छे हो! आजोबा झाल्यापासून ते कुणाला रागावलेलेही नाहीत."

दवाखान्यातून काकांच्या कपड्यांची पिशवी आली होती. शर्टाच्या खिशात एक लाकडी पाचर निघाली, झाकणाच्या काठाने दाबून खाच पडलेली. काकांचा मास्क मात्र त्यांच्या खोलीत खुंटीलाच होता. मास्कशिवाय आणि एकट्याने टाकीवर चढायचं नाही, हे नव्या माणसांना ओरडून ओरडून शिकवणारे काकाच.

इतक्यात यंत्र धडधडत सुरू झालं. पायाखालची जमीन हादरली. शेडला लागूनच असलेल्या क्वार्टरमध्ये एक तान्हं बाळ किंचाळून रडू लागलं. शेजारीण त्याला घेऊन येरझाऱ्या घालू लागली. इनचार्जची मान झटकन त्या खिडकीकडे वळली.

बाईंनी इनचार्ज आणि फिटर दोघांनाही ऑफिसात बोलावलं आणि पाचर टेबलावर ठेवली.

"झाकण वाऱ्याने उघडलं नाही. ही पाचर घालून उघडं ठेवलं होतं. झाकण उघडं, म्हणून दाब वाढत नव्हता. दाब नाही, म्हणून यंत्र गप्प. चाकावर कोळी नांदतोय आणि तुम्ही म्हणता रोज चालतं. आज झाकण लागलं, तेव्हा कुठे ते जागं झालं."

"किल्ली बाबांकडेही होती," इनचार्ज पुटपुटला.

"ते रजेवर होते. आज वर गेले, पाचर पाहिली आणि कुणी लावली ते ओळखलं. मास्क नाही, सोबत नाही. कारण कुणी पाहायला नको होतं. म्हातारा माणूस जिवावर उदार होऊन कुणाची चूक झाकतो? फिटरची?"

इनचार्जने पाचर उचलून हातात घेतली.

"बाळ झोपतच नव्हतं, मॅडम. हिचे हाल बघवेनात. म्हटलं चार दिवस आवाज बंद राहू दे. मिथेन हलका, वर निघून जाईल. कुणाला बाधतोय?"

"वर जाऊन तो सगळ्यांच्याच डोक्यावर बसतो, हवा तापवतो. आणि टाकीतून एकटा मिथेन येत नाही. सोबतचे जड वायू झाकणापाशीच रेंगाळतात. पाचर काढायला झाकण पूर्ण उघडून काका नेमके तिथेच वाकले."

"मी त्यांना खांद्यावर घेतलं, तेव्हाच कळलं होतं मला. तरी बोट याच्याकडे दाखवलं." फिटरकडे बघायची त्याची हिंमत होईना. शरमेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

त्याचा फोन वाजला. बायको दवाखान्यातून बोलत होती, इतक्या मोठ्याने की सगळ्यांना ऐकू आलं.

"अहो, बाबा शुद्धीवर आले! पण सारखं एकच म्हणतायत, झाकण मीच उघडं ठेवलं, तसं लिहून घ्या. असं कसं करतील हो बाबा?"

इनचार्जने नुसता एक हुंकार दिला असता तरी भागलं असतं, दोष अंगावर घेणारा तयारच होता.

"बाबा खोटं बोलतायत," तो म्हणाला. "पाचर मी घातली होती."

पलीकडून तिचा आवाज आला, अगदी हळू.

"मला नका सांगू. इथे या, आणि त्यांच्या डोळ्यांत बघून सांगा."