श्वास घेणारी मोटार

डॉक्टरांची मोटार पांढरा धूर सोडत पाड्यात शिरली आणि एकेक करून सगळ्या झोपड्यांची दारं बंद झाली. मोहाच्या झाडाखाली फुलं वेचणाऱ्या बाया टोपल्या तिथेच टाकून पळाल्या. एक म्हातारा खाटेवर बसला होता, तोही उठून आत गेला. मोटार आणखी दहा हात पुढे सरकली, घशात काहीतरी अडकल्यासारखी गुरगुरली आणि बंद पडली.

"आपल्याला पाहून पळाले की काय?" वारलूने हळूच विचारलं.

सुगंधाला तसं वाटलं नाही. माणसांकडे कोणी पाहिलंच नव्हतं. सगळ्यांचे डोळे मोटारीच्या तोंडाकडे होते.

सुगंधा तेरा वर्षांची होती आणि वारलू, तिचा चुलतभाऊ, अकराचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं सुगंधाच्या बाबांबरोबर, म्हणजे डॉक्टर गुणवंतरावांबरोबर, चांद्याहून एटापल्लीला निघाले होते. साल होतं एकोणीसशे चौपन्न. एटापल्लीच्या बाजूला देवीची साथ आली होती. मागच्या सीटवर, दोघांच्या मधोमध, भुसा भरलेली एक लाकडी पेटी होती. तिच्यात बर्फ होता आणि बर्फात देवीच्या लशीच्या काचेच्या बारीक नळ्या. बर्फ वितळला की त्या उन्हाळ्यात लस झपाट्याने निकामी होऊ लागणार. निघताना बर्फाची लादी पेटीभर होती. आता दुपारी दोन वाजता ती विटेएवढी उरली होती आणि एटापल्ली अजून चौदा मैल लांब होती.

मोटार सकाळपासून विचित्र वागत होती. दर तीन-चार मैलांवर तिला पाणी लागत होतं. बिरजू ड्रायव्हर प्रत्येक नाल्यावर डबा भरून आणी, रेडिएटरमध्ये ओती, आणि पुढच्या नाल्यापर्यंत ते पाणी नाहीसं होई. वारलूने दोनदा गाडीखाली सरपटत जाऊन पाहिलं होतं. खाली एक थेंबही गळत नव्हता. माती कोरडी ठणठणीत होती. मग पाणी जात होतं कुठे?

बिरजूकडे त्याचं उत्तर होतं. ही मोटार डॉक्टरांनी दोनच महिन्यांपूर्वी एका लाकूड ठेकेदाराच्या घरच्यांकडून घेतली होती. ठेकेदार तापाने गेला आणि जाताना सारखा पाणी मागत होता म्हणे. बिरजूने आवाज बारीक करून मुलांना सांगितलं होतं की पाणी मोटार पीत नाही, तोच पितो. त्यानंतर वारलूने डब्याकडे पाहणंच सोडलं होतं.

गुणवंतरावांनी बॉनेट उघडलं. त्यांनी इंजिनातलं तेल पाहायची सळई ओढून काढली. तिच्यावर काळं तेल नव्हतं. ताकासारखं पांढरट काहीतरी चिकटलं होतं.

"गॅस्केट गेलं," ते म्हणाले.

सुगंधाने विचारल्यावर त्यांनी घाईघाईतच समजावलं. इंजिनाच्या धडावर जड लोखंडी डोकं बसवलेलं असतं. दोघांच्या मध्ये तांब्याचा पत्रा मढवलेली एक पातळ पट्टी असते, तिला गॅस्केट म्हणतात. ती एका जागी जळाली की पाणी आतल्या आत सिलिंडरमध्ये शिरतं आणि वाफ होऊन मागच्या नळीतून निघून जातं. थोडं पाणी तेलातही मिसळतं. म्हणून खाली थेंब पडत नाही आणि मागे पांढरा धूर दिसतो. वारलूने सुटकेचा निःश्वास टाकला. मग त्याने बिरजूकडे रागाने पाहिलं.

जुनी मोटार जंगलात न्यायची तर सुटे भाग बरोबर हवेत, हा गुणवंतरावांचा नियम होता. गॅस्केट, पट्टा, प्लग, रबरी नळ्या असं सगळं त्यांनी एका पेटीत भरून दिलं होतं. त्यांनी ती मागितली. बिरजूने मान खाजवली आणि म्हणाला की आष्टीजवळ नदी उतरताना फार हादरे बसले, तिथेच कुठेतरी पडली असेल.

गुणवंतरावांनी घड्याळात पाहिलं. रागवायला वेळ नव्हता. खाटेवरचा म्हातारा आता दार किलकिलं करून पाहत होता. तो पाड्याचा प्रमुख, इसरू. डॉक्टरांनी दुरूनच हात जोडून त्याला सगळं सांगितलं. बैलगाडी चार मैलांवरच्या गावात मिळेल असं तो म्हणाला आणि सोबत यायलाही तयार झाला, पण मोटारीला मोठा वळसा घालून आला. जाताना गुणवंतराव मुलांना म्हणाले, बैलगाडीने उद्या दुपारी पोचू, तोवर बर्फ टिकायचा नाही, पण दुसरा उपाय नाही.

ते दिसेनासे झाल्यावर सुगंधा गाडीत शिरली. तिला एक गोष्ट खटकत होती. सुट्या भागांची पेटी मागच्या सीटखालच्या कप्प्यात होती आणि त्या सीटवर ती स्वतः सकाळपासून बसली होती. मग पेटी पडली कशी? तिने सीटची गादी उचलली. कप्प्यात पेटी नव्हती. तिथे एक जाड पोतं कोंबलेलं होतं. तिने बोट लावून जिभेला लावलं. मीठ होतं.

बिरजूचा चेहरा उतरला. रानात मीठ मिळत नाही, म्हणून तिथले लोक मापभर मिठाला मापभर चारोळी देतात, हे त्याला ठाऊक होतं. पोत्याला जागा करायला त्याने पेटी निघण्यापूर्वी चांद्यालाच उतरवून ठेवली होती.

"पोरी, साहेबाले सांगू नको. माही नोकरी जाईन," तो म्हणाला.

"मी नाही सांगणार," सुगंधा म्हणाली. "तुम्हीच सांगा, बिरजूभाऊ."

तेवढ्यात मागे पाचोळा वाजला. बारा-एक वर्षांची एक मुलगी झाडाआडून मोटारीकडे बघत होती. ती इसरूची नात मंगली. आठवडी बाजारात जाऊन जाऊन तिला मराठी येत होती. तिने सुगंधाला हात लावून पाहिला, जणू ती खरी आहे की नाही याची खात्री करत होती.

"हे मोटार तं मेली होती ना?" तिने विचारलं. "उठली काऊन?"

मग तिने तुकड्यातुकड्याने सांगितलं. पाड्याच्या वर, साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, दाट रानात, एक मोटार पडून होती. हेच तोंड, हेच दोन गोल डोळे. सहा पावसाळ्यांपूर्वी तिच्या चाकांचा आस मोडला आणि मालक तिला तिथेच टाकून गेला. तो मेला तेव्हापासून मोटार श्वास घेते. लाकडं आणायला गेलेल्या बायांनी ऐकलं होतं. आज तीच मोटार उठून पाड्यात आली असं सगळ्यांना वाटलं.

वारलू दोन पावलं मागे सरकला. सुगंधा मात्र बिरजूकडे वळली. ठेकेदाराकडे अशा दोन मोटारी होत्या का? बिरजूने मान हलवली. एकाच दिवशी घेतलेल्या होत्या, दोन्ही एकसारख्या. आणि ठेकेदार फार जपून वागणारा माणूस होता, दोन्हींत मागच्या सीटखाली सुटे भाग ठेवायचा.

त्या मोटारीत गॅस्केट असणार, हे कोणाला सांगावं लागलं नाही. पण बिरजू जागचा हलेना. त्या मोटारीजवळ आपण जाणार नाही, मग नोकरी गेली तरी चालेल, असं त्याने स्पष्ट सांगितलं. सुगंधाने त्याला बर्फाची पेटी सावलीत ठेवून राखायला बसवलं आणि तिघं मुलं निघाली.

रान जवळच होतं. आधी पक्षी ओरडत होते. मग झाडं दाट झाली, उन्हाचे ठिपके विरळ झाले आणि हळूहळू सगळे आवाज मागे राहिले. पायाखालचा पाचोळासुद्धा ओलसर होता, वाजत नव्हता. मंगली पुढे होती. एका ठिकाणी ती थांबली आणि तिने हाताने दाखवलं.

वेलींच्या जाळीतून दोन गोल काचा त्यांच्याकडे पाहत होत्या. मोटारीचं छत गंजून तपकिरी झालं होतं. एका दारातून पळसाचं रोप बाहेर आलं होतं. चाकं मातीत अर्धी रुतली होती.

आणि ती श्वास घेत होती.

हुश्श्श. मग थोडं थांबून पुन्हा, हुश्श्श. झोपलेल्या आजारी माणसासारखा, लांब आणि घोगरा. वारलूने सुगंधाचा हात इतका घट्ट धरला की तिची बोटं दुखली. तिला स्वतःलाही पळावंसं वाटत होतं. पण तिच्या मनात एक विचार आला. श्वास एका लयीत नव्हता. मध्येच दोन श्वास एकत्र येत होते. एका माणसाला एका वेळी दोन श्वास कसे घेता येतील?

ती हे कुजबुजली. मंगलीने डोळे मिटून ऐकलं. "तीन हाय," ती म्हणाली.

तिघं एक पाऊल पुढे सरकली. आवाज एकदम वाढला, चिडल्यासारखा. फुटलेल्या मागच्या खिडकीतून एक पांढरा चेहरा वर आला. त्याला नाक नव्हतं, फक्त दोन काळे डोळे होते. वारलू किंचाळला. चेहरा खिडकीतून बाहेर पडला, त्याला पंख फुटले आणि जराही आवाज न करता तो त्यांच्या डोक्यांवरून झाडांत निघून गेला.

मग मंगली खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. घुबड होतं. मागच्या सीटच्या फाटक्या काथ्यात त्याची तीन पिल्लं बसली होती. पांढरी, केसाळ, पिंपळपानाच्या आकाराच्या चेहऱ्यांची. भुकेने आणि भीतीने ती तोंडं उघडून हुश्श् करत होती. सगळा पाडा या तिघांना घाबरत होता.

पण सुटे भाग काढायचे तर हात त्याच सीटखाली घालायला हवा होता. पिल्लांच्या चोची वाकड्या आणि धारदार होत्या. मंगलीने आपल्या खांद्यावरचं फडकं काढून हळूच त्यांच्यावर पांघरलं. अंधार होताच ती गप्प झाली. सुगंधाने दंडापर्यंत हात आत घातला. आधी कोळ्यांची जाळी लागली, मग काहीतरी मऊ आणि ओलं, मग लाकूड. ते ओढताना तिचा हात सोलला. दोन सपाट फळ्या दोरीने आवळलेल्या होत्या. वारलूने दोरी सोडली. फळ्यांच्या मध्ये, ग्रीस लावलेल्या जाड कागदात, तांब्याचं गॅस्केट होतं. कुठेही न वाकलेलं, नव्यासारखं चमकणारं.

मंगलीने फडकं उचललं. पिल्लं पुन्हा श्वास घेऊ लागली.

तिघं परतली तेव्हा बिरजू पेटीशेजारीच बसून होता. त्याने गॅस्केट हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि सुगंधाच्या सोललेल्या हाताकडे पाहिलं. मग त्याने नट सोडायचे पाने काढले. तो निष्काळजी होता, पण त्याचा हात कसबी होता. त्याने पाणी सोडलं, नळी काढली, एकेक नट सैल केला. वारलू नट थाळीत मांडत गेला. लोखंडी डोकं उचलल्यावर जुनी पट्टी दिसली. दोन सिलिंडरांच्या मध्ये ती बोटभर जळून काळी झाली होती. सुगंधा आणि मंगलीने धडाची आणि डोक्याची बाजू घासून स्वच्छ केली. तेलही बदललं. नशिबाने तेलाचा एक डबा गाडीत होता.

नवं गॅस्केट बसलं. नट आवळायचे ते मधून बाहेरच्या बाजूला, आणि एकदम नाही, तीन फेऱ्यांत थोडे थोडे, नाहीतर पट्टी एका अंगाला दबते. बिरजू आवळत होता आणि सुगंधा कुठला झाला, कुठला राहिला ते सांगत होती. हळूहळू झोपड्यांची माणसं येऊन भोवती उभी राहिली. मंगली त्यांच्या भाषेत पिल्लांची नक्कल करून दाखवत होती.

ऊन कलताना गुणवंतराव आणि इसरू बैलगाडी घेऊन आले. मोटार सुरू होती. मागच्या नळीतून धूर येत नव्हता. गुणवंतरावांनी रेडिएटरचं झाकण उघडून आत पाहिलं. पाणी काठोकाठ होतं आणि शांत होतं, एकही बुडबुडा नव्हता.

बिरजू पुढे झाला. त्याने पोतं ओढून डॉक्टरांच्या पायाशी ठेवलं आणि पेटीचं खरं सांगून टाकलं. वर हेही सांगितलं की मुलं गेली तेव्हा आपण भ्यालो होतो. गुणवंतरावांनी पोत्याचं तोंड सोडून पाहिलं. मीठ पाड्यात वाटून टाक, चारोळी न घेता, एवढंच ते म्हणाले. नोकरीचं पुढे पाहू. गरम झालेले नट त्यांनी स्वतः पुन्हा एकदा आवळले.

मग ते मुलांकडे वळले. विचारल्याशिवाय रानात गेल्याबद्दल त्यांनी आधी रागवायला तोंड उघडलं, पण मग औषधांची पिशवीच उघडली. सुगंधाच्या सोललेल्या हाताला ते टिंचर लावत राहिले. इसरूने मंगलीच्या डोक्यावर हात ठेवला. इतके दिवस आपण सगळे मोठे लोक लांबूनच ऐकत होतो, तो म्हणाला, जवळ जाऊन पाहिलं या लेकरांनीच.

वाट दाखवायला इसरू आणि मंगली सोबत आले. एटापल्लीच्या दवाखान्यापुढे दिवे लागायच्या वेळी माणसांची रांग होती. कालपासून लोक लेकरं कडेवर घेऊन बसले होते. गुणवंतरावांनी भुसा बाजूला सारला. बर्फ लिंबाएवढा राहिला होता. नळ्या अजून गार होत्या.

कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टर साहेब, बरे वेळेवर पोचले तुम्ही."

"मी नाही पोचलो," गुणवंतराव म्हणाले. त्यांनी ग्रीसने काळ्या झालेल्या तिन्ही मुलांना रांगेच्या पुढे आणून उभं केलं. "यांनी पोचवलं."

आणि त्यांनी पहिली नळी फोडली.