लाल माशाचं चुंबक

शेंगदाणे खा, पण मध्येच खिदळायचं नाही. गॅरेजवाला च्वांग मास्तर माझा शेजारी होता. ऐकीव काही सांगत नाही मी.

गेल्या साली, सातव्या महिन्याची चौदावी रात्र. पावणेअकराला मास्तर जेवून पुन्हा गॅरेजकडे निघाला. लेकीसाठी, ली-फेनसाठी, तो एक जुना टेम्पो नवा करत होता. रंग खरवडून सगळं लोखंड उघडं झालं होतं.

बायको म्हणाली, "अहो, भुतांचा महिना चाललाय. सकाळी लावा की रंग!"

"सकाळी? बंदरचं वारं आहे हे. उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तर उजाडेपर्यंत गंजून लाल होतं. प्रायमर मारतो नि आलोच."

खरं ते सांगतो, लेकीच्या गाडीत त्याने लबाडी केली नव्हती. कुजलेलं सगळं कापून नवा पत्रा जोडला होता.

लबाडी केली होती बाओ-चूच्या गाडीत. मासे विकायची ती. बापामागे राहिलेला तिचा टेम्पो, सीटखालची चेसिस खाऱ्या पाण्याने पार खाल्लेली. काम आठवड्याचं, मेल्याने एका दुपारीत उरकलं. भोकावर डब्याचा पत्रा चिकटवला, वर पुट्टी, वर निळा रंग. बाई हुशार. फ्रिजवरचं चुंबक घेऊनच आली, लाल माशाचं.

"मास्तर, आत लोखंडच आहे ना?"

चुंबक बसलं. टक्. मास्तर हसला. "ताई, माझ्यावर नाही तर चुंबकावर तरी विश्वास ठेवा!"

अठराव्या दिवशी घाटाच्या वळणावर चेसिस मोडली आणि बाई गाडीसकट समुद्रात गेली. गाडी वर काढली, बाई सापडली नाही. जुनी गाडी, गंजलेली असणार, असं लोक म्हणाले. मास्तरही तेच म्हणाला! माझ्यासमोर म्हणाला.

तर त्या रात्री त्याने दिवा लावला, पत्रा थिनरने पुसला, ब्रश बुडवला. तेवढ्यात गाडीखाली काहीतरी पडलं. वाकून पाहिलं तर चुंबक. लाल मासा. ओला.

कुणाची तरी चेष्टा, असं म्हणून त्याने ते नव्या पत्र्याला लावलं. खाली पडलं. दाराला लावलं. पडलं. चेसिसला लावलं...

पडलं.

"मास्तर..."

त्याने मागे पाहिलं नाही.

"आत लोखंडच आहे ना?"

"आहे! आईची शपथ, खरं लोखंड आहे! मी स्वतः जोडलंय!"

"लेकीच्या गाडीत खरं... आणि माझ्या?"

पाणी ठिबकत होतं. जवळ येत होतं.

"पोरीला हात लावू नकोस, बाई. तिचा काय दोष? माझं काय करायचं ते कर."

दिवा गेला.

ठिबक... ठिबक...

टक्.

एक वाजता त्याच्या बायकोने मला हाक मारली. मास्तर जमिनीवर पडला होता, तोंडात खारं पाणी. इस्पितळात नेलं, उजाडेपर्यंत धुगधुगी होती, तेवढ्यात हे सगळं त्याने मला सांगितलं. मग गेला. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. बाओ-चू माझ्या दुकानात रोज सकाळी सोयाबीनचं दूध प्यायची.

ली-फेन तोच टेम्पो चालवते. कुठेही चुंबक लावून बघा, घट्ट बसतं.

पण मास्तराला आंघोळ मी घातली. सदरा काढला, तर डाव्या छातीवर तो मासा. इस्पितळात छातीचा एक्स-रे काढला होता, आत लोखंडाची टाचणीसुद्धा नव्हती. मी दोन्ही हातांनी ओढून सोडवला आणि वीतभर लांब पाटावर ठेवला.

मी पाणी घ्यायला वळलो, एवढंच.

मागे आवाज आला. टक्.