मंगळवारचा लोंढा

"लोंढा येतोय, बाहेर पडा," असं दरडीवरून ओरडणारा तो माणूस मला पहिल्याच दिवशी लबाड वाटला.

ब्याऐंशीचा मे. पेठकडची आमची नदी आटून नुसती वाळू उरली होती. त्या वाळूत छातीएवढा झिरा खणून आम्ही बायका वाटीवाटीनं पाणी भरत होतो. ऊन मी म्हणत होतं. नंबर हंड्यांचा; जिचा हंडा पुढे, तिचं पाणी आधी. त्या मंगळवारी त्याची हाक ऐकून आम्ही काठावरच्या आंब्याखाली पळालो. तासभर वाट पाहिली... थेंब आला नाही. परत येऊन पाहतो तर अक्काबाईचा हंडा सर्वांत पुढे. आणि नदीची पातळी मोजायला नाशिकच्या ऑफिसातून आलेला हा भिकन राहायचा कुणाकडे? अक्काबाईकडेच. आणखी काय पुरावा हवा?

मी गावच्या बालवाडीची बाई. लबाडी ओळखायची मला सवयच होती.

"तुमचा लोंढा कुठं अडला हो?" दुसऱ्या दिवशी मी विचारलं.

"वाटेत जिरला असेल, बाई."

"आणि घरमालकिणीचा हंडा आपोआप पुढं सरकला?"

तो खाली पाहत हसला. कानाच्या पाळ्या लाल. चोराच्या मनात चांदणं, म्हटलं मी. पण मेल्याचं हसू छान होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

रोज तो दरडीवर वही घेऊन बसे. मी मान वर केली की नेमका वहीत पाही.

"काय लिहिता एवढं? नदीत पाणी तर नाही."

"म्हणूनच... इकडंतिकडं बघायला वेळ मिळतो."

शनिवारी आमच्या डोक्यावर लख्ख ऊन असताना तो सायकल टाकून ओरडत आला, "डोंगरावर वळीव कोसळलाय. लोंढा निघालाय, बाहेर या."

कुणी हललं नाही. शेजारची नवसाबाई म्हणाली, "आज अक्काबाईचा नंबर मागं पडला वाटतं." माझी आई झिऱ्यात उतरलेली होती. "वरडू दे त्याला," ती आतून म्हणाली. "नंबर गेला तं सांजच्याला पाणी नाय."

मीही वाटी भरतच राहिले. तो तापलेल्या वाळूतून धावत खाली आला आणि त्यानं सगळ्यांत आधी अक्काबाईचाच हंडा लाथेनं उडवला. ज्या हंड्यासाठी हा खोटं बोलतो असं मी गावभर सांगितलं होतं, तोच. मी वाटी टाकली. "चला, पळा," मी किंचाळले. आईचा एक हात त्यानं धरला, एक मी. आम्ही काठ चढलो न चढलो तोच गढूळ पाणी ओंडके घेऊन वळणावरून आलं. झिरा, हंडे, सगळं गेलं.

आई आंब्याखाली धापा टाकत बसली. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मंगळवारी लोंढा नव्हता. मी खोटंच बोललो."

"अक्काबाईसाठी?"

"अक्काबाईचं अक्काबाईला माहीत. तुम्ही... सकाळपासून उन्हात उभ्या होतात. दोनदा तोल गेला तुमचा. सावलीत बसा म्हटलं असतं, तर मलाच चार शब्द सुनावले असते."

"त्या खोट्यामुळं आज माझी आई गेली असती."

"हो."

नुसतं हो. एक सबब नाही. गप्प राहिला असता तर गावानं त्याला डोक्यावर घेतलं असतं. मला राग आला होता, चांगला दणकट राग. आणि हा माणूस मला आवडला होता, हेही आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"हे आईला सांगा," मी म्हटलं. "आत्ता."

"मग?"

"ती शिव्या घालेल. ऐकून घ्या."

"आणि मग?"

"मग तुम्हाला मला जे विचारायचंय... ते विचारा. पण सरळ."

तो निघाला. लोंढ्यापुढं धावत आलेला हा माणूस आईकडे जाताना मात्र दोनदा मागं वळला. म्हणून मीही बरोबर गेले.