बेचाळीस लाखांचं घर

"माझ्या आईला कुणीतरी फसवतंय," बो-रेन म्हणाला. ओली छत्री त्यानं अजून हातातच धरली होती.

फाननी ती काढून घेतली आणि कोपऱ्यातल्या बादलीत उभी केली. सदा पाऊस असणाऱ्या कीलुंग बंदरात कचेरी थाटायची तर छत्र्यांची बादली आधी आणावी लागते, टेबल मागाहून. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले फान तीन वर्षांपासून याओबाईंच्या हाताशी होते. याओबाईंनी पंधरा वर्षं एका बँकेसाठी घरांच्या किमती ठरवल्या होत्या. आता त्या लोकांची कोडी सोडवत.

"नीट सांगा," त्या म्हणाल्या.

बो-रेन मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. आठ महिन्यांनी परतला, तर आईनं घर विकायला काढलेलं.

"विकण्याबद्दल माझं काही नाही. पाच मजले चढणं तिला जमत नाही, माझ्याकडे ताइचुंगला राहायला येणार आहे. पण खालच्या मजल्यावरचं अगदी तेवढंच घर चार महिन्यांपूर्वी सत्तर लाखांना गेलं, आणि आईनं आमचं बेचाळीसला लावलंय. का विचारलं तर म्हणते, 'तेवढीच किंमत आहे त्याची.'"

"घरी आणखी कोण?"

"कुणी नाही. बाबा गेल्या थंडीत गेले. धाकटा भाऊ पाच वर्षांपूर्वी गेला, इस्पितळात, हृदय बंद पडून. मी तेव्हा समुद्रावर होतो. चाळीस दिवसांनी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं."

"संशय कुणावर?"

"दोघांवर. दलाल कुओ, आणि समोरच्या वेनबाई. लेकीसाठी आमच्या घरावर त्यांचा केव्हाचा डोळा आहे."

*

कुओ हात जोडायचाच बाकी होता.

"बाई, मला विकलेल्या किमतीवर टक्के मिळतात. घर स्वस्तात घालवून माझंच नुकसान. मी पासष्ट म्हणालो, साठ म्हणालो. काकू ऐकायलाच तयार नाहीत. आकडा घरूनच ठरवून आल्या होत्या. त्याआधी बंदरापलीकडच्या दलालांच्या दोन दुकानांत चौकशीही करून आल्या, कुणा मैत्रिणीच्या घराची म्हणून."

"मैत्रिणीच्या?"

"त्यांना ना मैत्रीण, ना तिचं घर. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं."

याओबाईंनी घराच्या माहितीचा तक्ता मागितला. गळती, गंज, भूकंपाच्या भेगा असे बत्तीस प्रश्न होते. काकूंनी प्रत्येकापुढे टपोऱ्या अक्षरात उत्तर दिलं होतं. फक्त एकतिसाव्यापुढे वेगळ्याच शाईत 'नाही' होतं.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच. तो रिकामा होता. आमच्याकडे निम्मे लोक त्या प्रश्नाला पेनसुद्धा टेकवत नाहीत, अशुभ मानतात."

याओबाईंनी तक्ता मिटला. फाननी ओठांवर आलेला प्रश्न गिळला. जिना उतरताना मात्र ते म्हणाले, "माझ्या मते घर गळतंय. म्हातारी लाजेनं बोलत नसेल."

"बघू या. तुम्ही छत तपासा."

*

वेनबाईंनी दार उघडलं आणि पहिल्या वाक्यातच भांडायला उभ्या राहिल्या.

"मी स्वस्तात लाटतेय म्हणता? त्या कालच्या पोराला, बो-रेनला सांगा, मी पन्नास देऊ केले होते. बेचाळीसच्या वर आठ. तर म्हणाली, 'बेचाळीसच्या वर एक नाणं नको, आणि तुला तर देणारच नाही.' तीस वर्षांचा शेजार, आणि हे उत्तर."

"कारण?"

"म्हणाली, 'तू विचारत नाहीस.' काय विचारत नाही? मागच्या महिन्यात एक जोडपं आलं होतं. बायको गरोदर. जागच्या जागी पूर्ण किंमत द्यायला तयार. ही म्हणते, 'एवढं स्वस्त का, असं विचारणार नाही का तुम्ही?' त्यांना वाटलं, विचारलं तर म्हातारी भाव वाढवेल. गप्प बसले. हिनं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. येईल त्याला तोच प्रश्न."

याओबाईंचा आवाज उतरला. "काकूंचा नवरा वारला तेव्हा तुम्ही सोबत होतात?"

"दोन्ही वेळा होते. नवऱ्याच्या वेळी इस्पितळात गेलो. पुजाऱ्यानं खाटेपाशी घंटा वाजवली, नाव घेऊन हाका मारत त्यांच्या आत्म्याला घरी आणलं. धाकट्याच्या वेळी सोपं झालं, कुठं जावं लागलं नाही. पुजारी थेट घरीच आला. मागच्या खोलीत घंटा वाजवली, झालं." वेनबाईंनी सदऱ्याची बाही डोळ्यांना लावली. "गुणी पोरगा होता हो."

*

बाहेरच्या खोलीत देव्हारा होता, बापलेकांचे फोटो होते. बो-रेनची आई, सू-युन काकू, चहा ओतत होत्या. फान छत बघून आले. छत कोरडं ठणठणीत होतं. मागच्या खोलीत मात्र दाराशी जमिनीवर एक संत्रं आणि चहाचा पेला मांडलेला दिसला. चहा ताजा होता.

ते त्यांनी याओबाईंच्या कानात सांगितलं. बाईंनी मान हलवली, आणि काकूंजवळची खुर्ची ओढून बसल्या.

"काकू, तुम्ही कुणाला तरी शब्द दिलाय, न बोलण्याचा. तो मोडू नका. मी बोलते. चुकलं तर थांबवा. आणि बो-रेनला कळायला नको असेल, तर आत्ताच सांगा. मी उठून जाते."

काकूंनी मुलाकडे पाहिलं. मग याओबाईंच्या पेल्यात चहा भरला.

"बो-रेन," याओबाई म्हणाल्या, "तुमच्या आईला कुणीच फसवलेलं नाही. फसलेला माणूस पन्नास नाकारत नाही. बेचाळीस म्हणजे सत्तरातले साठ टक्के, नेमके. अंदाजानं असा आकडा येत नाही, विचारूनच येतो. म्हणून दलालांना सांगितलेली ती मैत्रीण. बँकेत असताना मी एकाच तऱ्हेच्या घराला एवढी कात्री लावायचे. तक्त्यातला एकतिसावा प्रश्न त्याचाच आहे. या घरात कुणाचा अनैसर्गिक मृत्यू झाला आहे का?"

बो-रेननं पेला खाली ठेवला.

"काकूंना तिथं 'नाही' लिहिता येईना, आणि 'हो' लिहायची मुभा नव्हती, तुम्ही ते वाचलं असतं. मग त्यांनी किंमतच खरी लावली. कुणी 'का' विचारलं, तर बहुधा सांगणार होत्या. शब्द तुमच्यापुरता होता, परक्याला सांगून तो मोडत नाही, असं मनाशी धरून. पण स्वस्त मिळतंय म्हटल्यावर कुणी विचारेना, आणि न सांगता त्या गरोदर पोरीच्या गळ्यात घर घालणं त्यांना जमेना."

"भाऊ इस्पितळात गेला," बो-रेन म्हणाला. "बाबांनी मला फोनवर सांगितलं."

"जीव जिथं जातो तिथूनच पुजारी हाक मारतो. वडिलांना आणायला तो इस्पितळात गेला. भावाला आणायला मागच्या खोलीत. मरणाच्या कागदावर खरं लिहिलेलंच असेल. तो वडिलांनी कुणाला दाखवला नाही, इतकंच."

त्या चुकल्या नव्हत्या. काकूंनी त्यांना थांबवलं नाही.

"त्यानं स्वतःच?" बो-रेननं आईला विचारलं.

काकूंनी होकार दिला.

"मग मला का नाही सांगितलं? पाच वर्षं, आई."

"तुझे बाबा म्हणाले, पोराच्या चहूबाजूंना पाणी आहे, आणि हात धरायला कुणी नाही. किनाऱ्याला लागला की सांगू." काकूंचा आवाज स्थिर होता. "तू आलास. जेवायला बसलास, त्याच्याबद्दल हसत काहीतरी बोललास. यांच्या तोंडून शब्द फुटेना. मग रोज 'उद्या' झालं. जाताना म्हणाले, त्याला हसत आठवू दे."

बो-रेन उठला आणि मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. आत गेला नाही. थोड्या वेळानं तिथंच जमिनीवर बसला. काकू भिंतीला धरत त्याच्यापाशी गेल्या आणि शेजारी बसल्या. फानना कुठं बघावं कळेना. याओबाईंनी त्यांच्या बाहीला हलकेच धरून बाहेर नेलं.

जिन्यात ते म्हणाले, "बाई, आपण हे उकरायला नको होतं का?"

"माहीत नाही, फानदादा," त्या म्हणाल्या. असं उत्तर त्यांनी याआधी कधी दिलं नव्हतं.

*

तक्त्यातला 'नाही' काकूंनी स्वतः खोडून 'हो' केला. पुढचे दोन महिने घराकडे कुणी फिरकलं नाही. मग शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. एकट्याच राहणार होत्या. तक्ता वाचून आल्या होत्या. किंमत पाडून मागितली नाही.

सामान हलवायच्या दिवशी फान मदतीला गेले. सगळ्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. नव्या मालकीणबाई मागच्या खोलीच्या दाराशी थांबल्या.

"त्याचं नाव काय होतं?" त्यांनी विचारलं. "इथं राहायचं तर ओळख हवी."

पाच वर्षांत काकूंना हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी बो-रेनचा दंड धरला.

"बो-आन," त्या म्हणाल्या. "चोवीस वर्षांचा होता. त्याला खिडकी उघडी लागायची."