वॉशरभोवतीचं वळण

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, पारखे इन्स्ट्रुमेंट्सच्या दुसऱ्या मजल्यावर पूर्वी नऊ माणसं सर्किट बोर्डाचे आराखडे आखत असत. आता तिथे एकच टेबल उरलं होतं आणि त्या टेबलाशी सरोजिनी वायचळ सहीपुरत्या बसत. सकाळी दहाला जोडणीचा नकाशा 'रेषाकार'कडे पाठवायचा, की जेवणाचे डबे उघडेपर्यंत बोर्ड आखून परत. रेषाकार ही आराखडे आखून देणारी यंत्रसेवा. जगभरच्या कंपन्यांनी आपली आखणी तिच्या गळ्यात घातली होती. बाईंना ज्या कामाला सात आठवडे लागत ते ती दोन तासांत उरकी आणि, खरं सांगायचं तर, बाईंपेक्षा देखणं करी. चांगल्या कामाला उगाच नावं ठेवायची बाईंची वृत्ती नव्हती.

सही मात्र माणसाचीच लागे. जिथे जिवाचा प्रश्न असेल, तिथे आराखड्याखाली जाणत्या माणसाचं नाव हवं, असा नियम होता.

त्या गुरुवारी शेवटच्या सहीसाठी आलेला बोर्ड 'डोंगरकाना'चा होता; त्याचा नमुना आधीच बनवून झाला होता. डोंगराच्या उतारात पुरायचं हे यंत्र मातीच्या पोटातली हालचाल ऐकतं आणि दरड सुटायच्या आधी खालच्या गावात भोंगा वाजवतं. अशी सहाशे यंत्रं पावसाआधी बसायची होती. पहिलं आंबेटेक नावाच्या वाडीच्या माथ्यावर. बाई ती वाडी पाहून आल्या होत्या. दोनशे बारा माणसं, आणि शाळेची मागची भिंत जवळजवळ डोंगरालाच टेकलेली. तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी त्यांना नाचणीची भाकरी खाऊ घातली होती.

बाईंची एक जुनी खोड होती. आराखडा कागदावर छापायचा आणि उलटा धरून पाहायचा. सुलटा धरला की डोळे आपल्याला हवं ते वाचतात, उलटा धरला की जे आहे ते दिसतं, असं त्या म्हणत. खालच्या मजल्यावरच्या मुली त्यावरून त्यांची थट्टा करत आणि त्या करू देत. आजही त्यांनी कागद उलटा धरला आणि कोपऱ्यातल्या स्क्रूच्या भोकापाशी थबकल्या.

भोकाभोवतीच्या दोन तांब्याच्या रेषा गरजेपेक्षा लांबून, तीन पायऱ्यांत वळल्या होत्या. त्यांच्या खालच्या थरातलं तांबं तेवढ्यापुरतं खिडकीसारखं कापलेलं होतं. आपल्या हातची शिवण बाईमाणूस कुठेही ओळखतं. हे वळण त्यांचंच होतं, पंचवीस वर्षांपूर्वीचं.

"हे वळण कशासाठी?" त्यांनी पडद्याला विचारलं.

"ही सिद्ध आकृती आहे," रेषाकारचा आवाज म्हणाला. "एकेचाळीस हजार प्रकारच्या बोर्डांत वापरली आहे. दोषाची नोंद नाही. सिद्ध आकृती पुन्हा तपासली जात नाही."

"आणि खालचं तांबं का कापलंय?"

"तो आकृतीचाच भाग आहे."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. कारण त्यांना माहीत होतं, आणि ते इतकं क्षुल्लक होतं की त्यांना लाजच वाटली. तेव्हा जोडणीला दगडू मिस्त्री होते. बारीक वॉशर संपले की मिस्त्री टेबलफॅनचे मोठे वॉशर वरून एक, खालून एक असे ठोकून बसवत. त्यांची धारदार कड बोर्डाचा हिरवा लेप खरवडून तांब्याला टेकायची. मिस्त्रींना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून बाईंनी वरच्या रेषाच दूर नेल्या आणि खालचं तांबं कापलं. चहाच्या वेळी बाकीच्या आठही जणांना ते सांगितलं, सगळे पोट धरून हसले. लिहून मात्र कोणी ठेवलं नाही. आराखड्यावर कारण लिहायची पद्धतच नव्हती. पुढे रेषाकारला शिकवायला कंपनीने जुने आराखडे मागितले, तेव्हा बाईंनी आपले सगळे दिले होते, अगदी अभिमानाने.

मिस्त्री गेले, वॉशर गेले. वळण राहिलं.

तेव्हाचे संकेत बैलगाडीच्या चालीने जात, त्यांना काही फरक पडत नव्हता. आताचे हजारो पटींनी वेगवान. असा संकेत वरच्या रेषेतून पुढे धावतो, तेव्हा त्याचा परतीचा प्रवाह बरोबर खालच्या तांब्यातून मागे येतो. तिथे खिडकी कापली, की परतीची वाटच खणून टाकल्यासारखं होतं. प्रवाह वळसा घालून येतो आणि संकेत फाटतो. कोरड्या हवेत तो कसाबसा पोचतो, बोर्डाने ओल धरली की तेवढंही होत नाही.

एवढ्यात अनिरुद्ध पारखे वर आला. थोरल्या पारख्यांचा हा मुलगा. लहानपणी तो याच मजल्यावर टेबलांखाली खेळला होता.

"सरोजमावशी, पाचच्या आत सही हवी. बोर्ड छापणाऱ्या कारखान्यातली पाळी हुकली, तर पाच आठवडे थांबावं लागेल. तोवर पाऊस येऊन ठेपेल."

"नमुन्याचा बोर्ड तपासलास?"

"सगळ्या चाचण्या पास. तुम्हीही पाहिल्यात."

"कोरड्या खोलीतल्या पाहिल्या. डोंगर कोरडा असतो का?"

दमट हवेची चाचणीपेटी रेषाकार आल्यावर कंपनीने मोडीत काढली होती. मग बाईंनी नमुन्याचा बोर्ड उचलला आणि सरळ कँटीन गाठलं. चहाच्या मोठ्या पातेल्यावर जाळी ठेवली, जाळीवर बोर्ड. कँटीनचे बबनराव बघतच राहिले. अनिरुद्ध मोजणीयंत्र धरून उभा होता. पहिली चार मिनिटं काही झालं नाही आणि त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. मग आकडे गळायला लागले. दहाव्या मिनिटापर्यंत भोंग्याचा आदेश तीनदा पाठवला गेला होता. तिन्ही वेळा तो पोचलाच नव्हता.

अनिरुद्धने पातेल्याखालचा गॅस बंद केला. "शाळा सुरू असती तर," एवढंच तो म्हणाला.

बाई वर गेल्या. सात वर्षांनी त्यांनी हाताने रेषा आखली. वळण काढून टाकलं, खालची खिडकी भरली, दोन्ही रेषांची लांबी पुन्हा जुळवली. बोटं अडखळत होती, पण काम झालं. अनिरुद्धने तोच कोपरा नमुन्यावर तांब्याच्या पट्टीने सांधून पुन्हा वाफेवर धरला. या वेळी एकही आदेश हरवला नाही. पाचला दहा कमी असताना सही झाली. आंबेटेकचा भोंगा वाजणार होता. त्यांना एकदम रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

मग त्यांनी रेषाकारला वॉशरची गोष्ट सांगितली, मिस्त्रींच्या नावासकट.

"नोंद केली," आवाज म्हणाला. "ही आकृती असलेले वेगवान बोर्ड नऊ हजार प्रकारचे आहेत. दवाखान्यांत, गाड्यांत, धरणांच्या दरवाज्यांवर. त्यांच्या मालकांना कळवलं जात आहे. दोषाची नोंद नाही, याचा अर्थ दोष नाही असा धरला गेला होता."

बाईंनी वळणाचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. आवाज पुढे म्हणाला,

"आपल्या आराखड्यांतून घेतलेल्या आणखी एकशे अठरा सिद्ध आकृत्या आहेत. त्यांचीही कारणं नोंदलेली नाहीत. सांगू शकाल?"

पहिली त्यांनी झटकन सांगितली. तो पत्र्याचा वाकडा खोका, ज्यात बोर्ड तिरका बसे. दुसरी, तिसरीही आठवली. चौथी पडद्यावर आली. बोर्डाच्या मधोमध, कशालाही न जोडलेलं, तांब्याचं एक छोटं बेट. त्यांनी ती छापून घेतली, उलटी धरली, पुन्हा सुलटी केली. त्या वेळच्या नऊ जणांतले बाईंखेरीज आता तिघेच उरले होते आणि त्यांतल्या एकालाही फोन लावून काही उपयोग नव्हता, कारण हे बेट त्यांच्या एकटीच्या हातचं होतं.

अनिरुद्ध चहा घेऊन आला. "किती ठिकाणी वापरलंय हे?"

"दोन लाख बोर्डांत," रेषाकारने उत्तर दिलं.

बाईंनी कागद त्याच्यापुढे सरकवला.

"हात माझाच आहे, अनिरुद्ध," त्या म्हणाल्या. "पण हे मी का केलं होतं रे?"