भोपळ्यावरच्या दोन लवंगा

सकाळी पावणेआठला धोंडू म्हणाला, "आजी, बारा वाजायला पाऊणच तास उरलाय."

धोंडू म्हणजे आमच्या घरचा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). दृष्ट लागू नये म्हणून हे नाव मीच ठेवलं. घारग्यांसाठी मी भोपळा चिरायला घेतला होता, तो तसाच हातात राहिला.

"उन्हं अजून उंबऱ्यावर आणि तुझे बारा? डोक्यातली तार तुटली काय रे?"

"इथले नाहीत, कोबेचे."

कोबे हे जपानातलं शहर. माझा नातू तन्मय तिथे असतो. आज त्याच्या लेकीचं बारसं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे माझी नऊ वर्षांची नात शर्वरी. ती इथे आजऱ्यात माझ्यासमोर बसलेली, केस पिंजारलेले, तोंडसुद्धा न धुतलेलं. ती इथून बोलणार आणि पाळण्याला लावलेल्या चिमुकल्या यंत्रातून ते बाळाच्या कानात जाणार. नाव मी पक्कं केलं होतं: भागीरथी. माझ्या सासूबाईंचं.

आमच्या घरची रीत अशी, की सूर्य डोक्यावर आला की नाव सांगायचं. तन्मयला मी तेवढंच कळवलं. कुणाच्या डोक्यावर, ते कळवायचं मला सुचलंच नाही.

"विहीणबाईंचा निरोप आहे," धोंडू म्हणाला. तन्मयच्या सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला तिकडेच होत्या. "'आत्याबाई आल्या नाहीत तर बाराच्या ठोक्याला नाव मी सांगेन. माझ्या मनात एक आहेच.'"

"असणारच! शर्वे, ऊठ. आंघोळ कर आधी."

शर्वरी हलेना. "सूर्य एकच आहे ना, आजी? मग तिकडे बारा आणि इकडे आठ कसे? ते सांग, मग उठते."

हट्टाला माझ्यावर गेली आहे, कुणाला बोलणार! "धोंडू, सांग हिला. आणि आवरतं घे."

धोंडूने भोपळा दारातल्या उन्हात धरला. त्यात दोन लवंगा टोचल्या. "हा भोपळा म्हणजे पृथ्वी. ही लवंग भारत. तिच्या पूर्वेला ही दुसरी, जपान. सूर्य जागचा हलत नाही, पृथ्वीच स्वतःभोवती फिरते. याला परिवलन (स्वतःभोवती गिरकी) म्हणतात."

त्याने भोपळा पश्चिमेकडून पूर्वेकडे हळूहळू फिरवला. जपानची लवंग आधी उन्हात आली. आमची अजून सावलीत.

"जपानला दिवस आधी उजाडतो!" शर्वरी ओरडली.

"बरोबर. आता भोपळ्यावरच्या या उभ्या रेघा बघ. पृथ्वीवरही आपण मनाने अशाच रेघा धरतो, ती रेखावृत्तं (उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंतच्या रेषा), आणि त्यांचे अंश म्हणजे रेखांश. एका गिरकीत तीनशे साठ अंश, तिला लागतात चोवीस तास. म्हणजे तासाला पंधरा अंश आणि एका अंशाला चार मिनिटं. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलंय, जपानचं एकशे पस्तिसावर. फरक साडेबावन्न अंशांचा."

शर्वरीने जमिनीवर बोटाने गुणाकार केला. "दोनशे दहा मिनिटं. साडेतीन तास! म्हणून त्यांचे बारा म्हणजे आपले साडेआठ."

मी गप्प बसणारी नव्हे. "थांब रे शहाण्या. पन्नास वर्षं मी या अंगणात पापड वाळवतेय. तुळशीची सावली सगळ्यांत आखूड होते ती बाराला नाही, साडेबाराच्या पुढेमागे. तुझं घड्याळ खोटं का?"

धोंडूचे हिरवे दिवे दोनदा मिचकले. "आजी, तुमची सावली खरी आहे. आजरा त्या रेघेच्या पश्चिमेला आहे, म्हणून सूर्य इथे उशिरा माथ्यावर येतो. पण प्रत्येक गावाने आपापल्या सावलीचे बारा धरले, तर एसटी कुणाच्या घड्याळाने सुटायची? म्हणून अख्ख्या देशाने एक घड्याळ ठरवलं. याला कालविभाग (एकच वेळ पाळणारा भूभाग) म्हणतात. सूर्य निसर्गाचा, घड्याळ माणसांच्या समजुतीचं."

"हे एवढं मी शाळेत न जाता बघितलं होतं," मी म्हटलं. "ऊठ गं आता!"

आंघोळ, वेणी, परकर. घुगऱ्या चुलीवर अर्ध्या कच्च्याच. साडेआठला दोन मिनिटं असताना शर्वरी पडद्यासमोर बसली. पलीकडे विहीणबाई पाळण्यावर ओणवल्याच होत्या.

"सरका विहीणबाई, आत्या आली!" मी म्हटलं.

"आलात का? मला वाटलं, निजलात."

"निजायला आमच्याकडे रात्र असते, दिवस नाही."

कोबेत बारा झाले. शर्वरी पुढे वाकली. "कुर्रर्र..." आणि हळूच म्हणाली, "प्राची."

माझा हात कमरेवर गेला. "भागीरथी ठरलं होतं!"

"प्राची म्हणजे पूर्व दिशा. तिच्याकडे सूर्य आधी जातो ना, आजी."

आत्याने सांगितलं ते सांगितलं, रीत माझीच आहे. विहीणबाई तिकडे हसत होत्या, म्हणून मीही हसले. त्यांना दिसायला हवं होतं.

घारगे तळताना शर्वरीने विचारलं, "प्राची मोठी होऊन मंगळावर राहायला गेली तर? तिथला दिवस आपल्यापेक्षा चाळीस मिनिटांनी मोठा असतो, धोंडू म्हणतो. तिच्या बाळाचं बारसं कुठल्या सूर्याला करायचं?"

"ज्याचं बारसं, त्याच्या डोक्यावरच्या," मी म्हटलं. "आणि त्या खेपेला आदल्या दिवशी विचारून ठेव."