डेल्विना मावशीच्या चार टेपा

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. त्या वर्गात आम्ही एकोणीस जणी होतो. कुणालाही विचारा.

११ जून २०१४. दुपारचे सव्वादोन. बाहेर लख्ख ऊन.

मी आर्लीन, मिनेसोटातल्या आमच्या ओजिब्वे लोकांच्या कॉलेजात ग्रंथपाल. दर उन्हाळ्यात आम्हा आदिवासी कॉलेजांच्या ग्रंथपालांचं प्रशिक्षण मॉन्टानात असतं. तिथे नऊ वर्षं मी आणि डकोटाची रोझेला एकाच खोलीत राहायचो. तिला मी बहीण मानायचे.

म्हणूनच डेल्विना मावशी गोष्टी सांगताना मी भरलेल्या टेपांच्या प्रती तिच्याकडे दिल्या. आवाजातली खरखर काढायला.

डेल्विना मावशीला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्याकडच्या गोष्टी आमच्यात फक्त बर्फ पडलेला असतानाच सांगतात. प्रत्येक टेपच्या सुरुवातीला ती मला विचारते, "पोरी, बाहेर बर्फ आहे ना?" मी म्हणते, "आहे गं, गुडघाभर." मगच गोष्ट. उन्हाळ्यात त्या कुणालाही ऐकवणार नाही, असा मी तिला शब्द दिला होता. रोझेलाला हे सगळं माहीत होतं.

आणि त्या दुपारी भर वर्गात तिने त्यातलीच एक टेप लावली. खरखर कशी काढतात त्याचा नमुना म्हणून!

"रोझेला, बंद कर ते! जून चाललाय!"

"अगं, मशीनमधला आवाज तो. त्याला कसला उन्हाळा नि कसला हिवाळा! बस खाली, नाटकं नकोत."

सगळ्या हसल्या.

मावशीचा आवाज आला. "पोरी, बाहेर बर्फ आहे ना?"

आणि मग...

माझं उत्तर आलंच नाही.

रोझेलाने स्क्रीनकडे पाहिलं. सेकंद पुढे सरकत होते.

"पोरी... बाहेर बर्फ आहे ना?"

टेपवर ती हे एकदाच विचारते. एकदाच!

आमची भाषा तिथे मला एकटीलाच येत होती. तरी सगळ्यांचं हसणं थांबलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "त्या कुणाची तरी वाट बघतायत का?"

मला खोटं बोलवेना.

"नाही, मावशी," मी म्हणाले.

खुर्ची सरकली. टेपमधली.

काठी टेकत कुणीतरी चालत गेलं... दार लागलं.

पुढे काहीच नाही.

रोझेला पांढरीफटक पडली होती. "आर्लीन, शप्पथ, मी काही नाही केलं गं!"

"तूच केलंस," मी म्हणाले. त्यानंतर आजवर तिच्याशी बोललेले नाही.

घरी येऊन कुलपातल्या मूळ टेपा लावल्या. चारही.

माझा आवाज आहे. "आहे गं, गुडघाभर," मी म्हणते. मध्येच खळखळून हसते. "मग? पुढे काय झालं?" असं विचारते...

मावशी कुठेच नाही.

रोझेलाने दगा दिला, असं मी सगळ्यांना सांगते. खोटं नाही ते. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

पण मावशी रोझेलाला ओळखतही नव्हती. शब्द मी दिला होता.